कुंभाराचा एकच पेला

एक होतं गाव. गावाला नदी होती, नदीकाठी लोण्यासारखी मऊ काळी माती होती, आणि त्या मातीवर जगणारा एक कुंभार होता. भागोजी त्याचं नाव. हाताचा असा पक्का, की डोळे मिटून घडवली तरी आजची घागर कालच्या घागरीची जुळी बहीण निघायची. मापाला त्याने कधी काठी लावली नाही की दोरी लावली नाही. माप हातात होतं, आणि हात चुकत नव्हता.

गुण सांगितला, आता खोडही सांगायला हवी. भागोजीला दारूचा नाद होता. गावाबाहेर नाथूचा गुत्ता होता आणि दिवस कलला की भागोजीचे पाय आपोआप तिकडे वळायचे. जाताना दोन पायांवर जायचा, येताना कसा येईल ते सांगता यायचं नाही.

वैशाखातली गोष्ट. भागोजी गुत्त्यावरून निघाला तो घरापर्यंत काही पोचला नाही. अंगणाच्या कडेला माती तुडवायचा खड्डा होता, त्यात पडला. पडला तर उठावं ना? पण चिखल मऊ, गारेगार. गडी तिथेच कुशीवर वळून झोपला. सकाळपर्यंत चिखल अंगावर वाळून कडक झाला आणि नाकाडोळ्यांसकट भागोजीची मूर्ती तयार झाली.

सकाळी पाण्याला चाललेल्या ठकूआजीने ती पाहिली. ठकूआजी म्हणजे गावातली सगळ्यात भाविक आणि सगळ्यात अधू नजरेची म्हातारी. तिला वाटलं, कुंभाराच्या अंगणात देव प्रकटला. तिने हात जोडले, मूर्तीला हळदकुंकू वाहिलं आणि हाका मारून अर्धं गाव गोळा केलं. कुणी फुलं आणली, कुणी धूप जाळला. कुणीतरी पायाशी नारळ फोडला. त्या आवाजाने देव जागा झाला आणि म्हणाला, "चिमे, खोबरं आणलंसच आहेस तर जरा चटणी वाट."

गाव हसून हसून लोळलं. एकटी चिमा तेवढी हसली नाही. चिमा म्हणजे भागोजीची बायको. तिने नवऱ्याला दंडाला धरून उभं केलं आणि तसंच, वाळल्या चिखलासकट, मारुतीच्या देवळात नेलं. मागोमाग पाटील आणि पाटलांच्या मागे सगळं गाव.

"आजपासून दारूला शिवणार नाही," भागोजी देवासमोर म्हणाला. बोलताना गालावरचे पोपडे गळत होते, त्यामुळे शपथ फारशी भारदस्त वाटली नाही.

"असलं मोठं काही बोलू नका," चिमा म्हणाली. "पोळ्यालाही हेच बोलला होतात. दुसऱ्या दिवशी गव्हाणीत सापडलात. झेपेल तेवढंच बोला. कमी करा."

"किती कमी?" पाटलांनी विचारलं.

भागोजीने मारुतीकडे पाहिलं, चिमेकडे पाहिलं आणि मन घट्ट करून म्हणाला, "दिवसाला एकच पेला. त्याच्यावर थेंब नाही."

पाटलांनी मान डोलावली. ठकूआजीने त्याच्या कपाळी आणखी एकदा कुंकू लावलं, या वेळी माणूस म्हणून. सगळे समाधानाने घरी गेले.

पेला केवढा, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कशाला? पेला म्हणजे पेला. पण शपथ घेणारा कुंभार होता, हे गाव विसरलं. बाकीच्यांनी पेला विकत आणायचा असतो. कुंभार तो घडवतो.

पहिला पेला भागोजीने अगदी सरळ मनाने घडवला. मुठीत मावेल एवढा, जसा पेला असावा तसा. रोज तो घेऊन गुत्त्यावर जायचा, एकदा भरून घ्यायचा, प्यायचा, आणि जीभ कोरडी राहिली तरी उठून यायचा. वाटेत देवळासमोर पेला उंच धरून मारुतीला दाखवायचा. म्हणायचा, "बघ बाबा, एकच."

चिमेला बरं वाटलं. असे काही दिवस गेले. मग एकदा पेल्याची कड टवकली.

कड टवकली की ओठाला लागते, तेव्हा नवा पेला हवाच. भागोजी चाकावर बसला आणि त्याच्या मनात आलं, की माती भट्टीत गेली की आखडते. हे काही खोटं नाही, कुठल्याही कुंभाराला विचारा. म्हणून त्याने चिमूटभर माती जास्त घेतली. पेला भाजून निघाला तो पहिल्यापेक्षा जरासा मोठा. आखडायचा तेवढा आखडला नव्हता, त्याला भागोजी काय करणार?

पुढच्या वेळी त्याला आणखी एक गोष्ट सुचली. मातीचा नवा पेला आधी स्वतः पितो. थोडी दारू त्याच्या अंगात जिरते. "पेल्याच्या वाट्याची मी का सोसू?" भागोजी स्वतःशी म्हणाला आणि आणखी एक चिमूट माती घेतली. त्याच्या पुढचा पेला उंच झाला, कारण गुत्त्यावर गर्दीत धक्का लागून सांडतं. त्याच्या पुढच्याला तळ रुंद झाला, कारण उंच पेला कलंडतो. मग तो एका हाताने उचलेना, म्हणून त्याला कान आला. एका कानाने तोल जायला लागला, म्हणून दुसरा आला.

प्रत्येक वेळी कारण होतं, आणि कारण शंभर टक्के कुंभारकामातलं होतं. लबाडी अशीच करावी म्हणतात जाणकार, आपल्या धंद्याच्या भाषेत. म्हणजे ती लबाडी आहे हे आपल्यालाही कळत नाही.

दसऱ्यापर्यंत पेला असा झाला, की भागोजी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालायचा. देवळासमोर हात जोडायला हात मोकळेच नसायचे. नुसती मान वाकवायचा आणि पेल्याआडून म्हणायचा, "बघ बाबा, एकच." मारुती काही बोलायचा नाही. नाथू गुत्तेवाला तर बोलणारच नव्हता, जेवढा पेला तेवढी त्याची चैन. भरता भरता हात दुखला, एवढीच त्याची तक्रार.

बोलायची ती चिमा. "हा पेला आहे का रांजण?" ती विचारायची.

"पेलाच. दुसऱ्या कशाला वापरलाय का मी? नाही ना. मग पेलाच."

चिमा बोलून बोलून दमली. जुना झालेला प्रत्येक पेला मात्र तिने घरात वापरायला काढला. पहिल्यात मीठ ठेवलं. दुसऱ्यात तिखट. पुढच्यात दही लागायला लागलं, त्याच्या पुढच्यात लोणचं मुरायला. दोन कानांच्यात ताक घुसळायची. एकात कोंबड्यांचं पाणी होतं, आणि सगळ्यात अलीकडच्यात आंघोळीचं.

मग दिवाळी आली. भागोजीने गावासाठी पणत्या घडवल्या. बायका त्या घरी घेऊन गेल्या, तेल ओतायला बसल्या आणि ओततच राहिल्या. एका पणतीत घरातली तेलाची बुधली रिकामी झाली. पाडव्याला लावलेली पणती तुळशीच्या लग्नापर्यंत जळत होती. गाव हसलं. म्हणाले, भागोजीने यंदा पणतीच्या नावाने परात दिली.

संक्रांत आली. सवाष्णींना सुगडं लागतात, लहान लहान मडकी, त्यात हरभरा, बोरं, गाजर, उसाचं कांडं घालून एकमेकींना वाण द्यायचं. पाटलीणबाईंच्या सुगडात अख्खी बोरी झाडली तरी तळच झाकला गेला. एका नव्या सुनेला वाण म्हणून मिळालेलं सुगड घरी न्यायला तिचा नवरा बोलवावा लागला. या वेळीही गाव हसलं, पण जरा कमी.

"भागोजी, हे काय रे?" पाटलांनी विचारलं.

"पीक चांगलं आलंय, पाटील. म्हटलं, जरा ऐसपैस करावं."

बाहेर हे बोलला, पण घरी येऊन त्याने उरलेलं एक सुगड उलटसुलट करून पाहिलं. खरं सांगायचं तर सुगड मोठं झालंय हे त्याला पाटलांनी विचारल्यावर कळलं होतं. त्याने मोठं केलंच नव्हतं. त्याच्या हाताने सुगडच घडवलं होतं, नेहमीसारखं. हे त्याने चिमेलाही सांगितलं नाही. भीती वाटली त्याला.

होळी झाली, ऊन तापलं, घरोघर उन्हाळ्याच्या घागरी लागल्या. ठकूआजीनेही एक नेली आणि नदीवर पाण्याला गेली. थोड्या वेळाने बायका धावत आल्या. घागर भरल्यावर म्हातारीला ती उचलेना. ओढता ओढता घागर तिच्यासकट पाण्यात गेली. बायकांनी म्हातारीला बाहेर काढलं. घागर कुणी काढायला गेलं नाही, ती आपली वाहत खालच्या गावाला गेली.

ठकूआजी ओल्या लुगड्यानेच भागोजीच्या दारात आली. तिच्या मागे पाटील.

"अरे भागोजी, तू मला घागर दिलीस का विहीर दिलीस?" ती म्हणाली. लोक हसले, पण म्हातारी हसत नव्हती. "पावसाळ्यात माझं म्हातारं गेलं, ठाऊक आहे ना तुला? आखाजीला त्याची पहिली घागर भरायची आहे."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या गावात त्या दिवशी घरोघर नवी घागर आणायची, नदीचं पाणी भरायचं, वर खरबूज ठेवायचं आणि गेलेल्या माणसाच्या नावाने पुजायची. गेलेलं माणूस त्या दिवशी घरी येऊन पाणी पितं, असं गाव मानायचं. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, त्या घराला तर ती घागर चुकवून चालायचंच नाही.

"ते पाणी मी माझ्या कमरेवरून आणणार," ठकूआजी म्हणाली. "पोरंबाळं नाहीत मला. शेजारणीच्या कमरेवरून माझ्या म्हाताऱ्याचं पाणी आणणार नाही मी. मला उचलेल अशी घागर तुला जमते का नाही, एवढं सांग."

 भागोजी हाताला लागलेली माती धोतराला पुसत राहिला.

पाटलांचा आवाज बदलला. "हे बघ, भागोजी. पणत्या हसण्यावारी नेल्या, सुगडं नेली. आखाजीच्या घागरी चुकल्या तर मला पलीकडच्या गावचा कुंभार इथे आणून बसवावा लागेल. गावातले गेलेले लोक ताटकळत ठेवता येणार नाहीत मला."

सगळे गेले. भागोजीने तिथल्या तिथे चाक फिरवलं. दुसरा कुंभार या गावात येणार म्हणजे याच मातीवर बसणार, आणि भागोजीने गाढवावर संसार लादून कुठे जायचं? 

त्याने पाटलांच्या घरची जुनी घागर मागून आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा मापाला दोरी घेतली. घागर चाकावरून उतरते तेव्हा लहानच असते. मग आतून दगडी गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत तिचं पोट वाढवायचं. कुठे थांबायचं ते हात सांगतो. भागोजी ठोकत राहिला, हात म्हणाला अजून जरा, अजून जरा. हात थांबला तेव्हा त्याने दोरी लावली, तर दोरीची दोन टोकं एकमेकांना भेटेनात. आणि एकदा वाढलेलं पोट काही आत जात नाही. दुसऱ्या घागरीला तो भिऊन लवकर थांबला. तिचा गडू झाला. तिसरी एका बाजूने घागर झाली आणि दुसऱ्या बाजूने रांजण.

त्याने मातीला शिव्या दिल्या. चाकाला दिल्या. थापी बदलली. गाढव शेजारी उभं राहून बघत होतं, म्हणून त्यालाही दोन शब्द सुनावले. मग थापी फेकून दिली आणि डोक्याला हात लावून बसला.

"चिमे," तो म्हणाला, "माझा हात गेला."

चिमा उठली आणि घरात गेली. मीठ काढून तिने पहिला पेला रिकामा केला आणि अंगणात आणून ठेवला. मग तिखटाचा आणला. मग दह्याचा, लोणच्याचा, ताकाचा. कोंबड्यांचा आणला तेव्हा कोंबड्या तिच्या मागे आल्या. आंघोळीचा तिने आडवा करून ढकलत आणला. शेवटी भागोजीचा सध्याचा पेला आणून टोकाला उभा केला. अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रांग लागली.

"हे काय मांडलंस?" भागोजीने विचारलं.

"तुमचा एकच पेला."

भागोजी एकदा या टोकाला बघत होता, एकदा त्या टोकाला. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पेल्यांत फारसा फरक वाटत नव्हता. पहिल्यात आणि शेवटच्यात मात्र असा होता, की पहिला शेवटच्यात टाकला असता तर शोधायला आत उतरावं लागलं असतं.

"तुम्ही देवाला फसवलंत," चिमा म्हणाली. "तो दगडाचा, काही बोलला नाही. मला फसवलंत, मी बोलून दमले. पण या हाताला कशाला फसवलंत? प्रत्येक वेळी मोठा पेला घडवलात आणि हाताला सांगितलंत, हाच पेला. हात बिचारा सरळ. तुमच्यावर विश्वास ठेवला त्याने. पेला एवढा, तर पणती केवढी, आणि घागर केवढी, ते त्याने आपलं आपण धरून घेतलं."

भागोजीने आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. आयुष्यभर ज्यांनी एकदाही खोटं केलं नाही, ते हे हात. त्याला त्यांच्यापुढे लाज वाटली. चिखलाच्या खड्ड्यातून देव होऊन उठला तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

"सोडतो मी दारू," तो म्हणाला. "आत्तापासून सोडतो."

"झालं पुन्हा सुरू," चिमा म्हणाली. "एका उडीत खाली आलात तर पाय मोडाल. जसे चढलात तसे उतरा. रोज सकाळी आधी एक पेला घडवायचा, चिमूटभर कमी मातीचा. मी या रांगेशी ताडून बघणार. मोठा झाला तर तिथेच मोडणार. प्यायचं ते त्याच मापाने. तुमचा घसा आणि तुमचा हात, दोघांनाही एकदमच खाली आणू."

पहिल्याच सकाळी भागोजीने पेला घडवला आणि चिमेने रांगेशी धरून पाहिला. मोठा होता. तिने तो दोन्ही हातांनी दाबला आणि गोळा करून परत चाकावर ठेवला. दुसरा घडवला, तोही मोडला. भागोजी म्हणाला, "अगं, माती आखडते." चिमेने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तिसरा पेला बरोबर आला.

पुढचे दिवस कुणाचेच चांगले गेले नाहीत. घसा कोरडा पडायचा, झोप लागायची नाही, सकाळी हाताला कंप सुटायचा. चिमा गूळपाणी द्यायची, ताक द्यायची, आणि तो दोन्हींना नावं ठेवायचा. मीठ-तिखट पानावर ठेवायची वेळ आली, कारण ती भांडी रांगेत होती. एकदा नवा पेला भाजून निघायचा होता, म्हणून त्याच मापाचा लोणच्याचा पेला घेऊन भागोजी गुत्त्यावर गेला आणि दारू कैरीच्या खाराची लागली. परत येऊन त्याने चिमेला ते सांगितलं, आणि कित्येक दिवसांनी दोघंही हसली.

पण माप उतरत होतं. कोंबड्यांना त्यांचं भांडं परत मिळालं, मग ताकाला, मग दह्याला. थापी हातात धरली की हात आता आधीच्यापेक्षा लवकर थांबायला लागला. एक दिवस घडवलेल्या घागरीला भागोजीने दोरी लावली आणि दोरीची टोकं एकमेकांना येऊन भिडली. त्याने दोरी काढली, पुन्हा लावली. मग ती दोरी गाढवाच्या पायाला बांधून टाकली आणि आखाजीच्या घागरींना हात घातला.

इकडे नाथू गुत्तेवाला मात्र काळजीत पडला. त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रोज लहान होत चाललं होतं. आखाजी अगदी तोंडावर आली तेव्हा भागोजी मुठीत मावेल एवढा पेला घेऊन आला. नाथूने तो भरला. भागोजीने घोट घोट करून संपवला आणि उठायला लागला.

"बस की," नाथू म्हणाला. "दिवसभर उन्हात घागरी ठोकतोस. अंग दुखत असेल."

"दुखतं."

"मग आण तो पेला इकडे. पुन्हा भरतो. शपथ काय आहे तुझी? एकच पेला. हा एकच आहे ना? दुसरा कुठे आणलायस तू? दहा वेळा भरला तरी पेला एकच."

भागोजी थांबला. तोड तर अशी होती, की आपल्याला आधी कशी सुचली नाही याचंच त्याला आश्चर्य वाटलं. माती नको, भट्टी नको, कान नको. देवापुढे धरायला सोपी, चिमेच्या रांगेत बरोबर बसणारी. त्याच्या घशाने तर कधीच होकार दिला होता. हात पेला घेऊन अर्धा पुढे झाला. अंगणात ठकूआजीची घागर अजून ठोकायची बाकी होती. ती उद्या सकाळी करायची होती, आणि तेवढीच एक शिल्लक होती.

भागोजीने पेला मागे घेतला.

"नाथू, तुझं म्हणणं देवाला पटेल," तो म्हणाला. "चिमेलाही कदाचित गुंडाळता येईल. पण सकाळी या हाताला मी काय सांगू? मी सांगेन ते तो खरं मानतो रे."

नाथूला यातलं काही कळलं नाही. भागोजी रिकामा पेला मुठीत धरून घरी आला. सकाळी त्याने ठकूआजीची घागर ठोकली. जिथे हात थांबला, तिथे तो थांबला. दोरी लावली नाही.

भट्टी लागली, घागरी निघाल्या आणि आखाजीच्या सकाळी बायका न्यायला आल्या. भागोजी नवं धोतर नेसून, पागोटं बांधून ओट्यावर बसला होता. कुणीतरी म्हणेल, वा भागोजी. कुणी म्हणेल, जमली बरं का यंदा. बायका आल्या, घागरी उचलल्या, खरबुजं कुठे चांगली मिळाली आणि कुणाचं पुरण सैल झालं ते बोलत निघून गेल्या. घागरीबद्दल कुणी शब्द काढला नाही. पाटलांचा गडी आला, घागर घेऊन गेला. तोही काही बोलला नाही.

"एवढं मरमर मेलो," भागोजी फुरंगटून म्हणाला, "आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही."

"मोठी होती तेव्हा गावभर बोलत होते," चिमा म्हणाली. "आता काय बोलणार? घागरीसारखी घागर आहे."

तेवढ्यात ठकूआजी नदीकडून वर आली. घागर भरलेली होती आणि म्हातारीच्या कमरेवर बसली होती, एका हाताने धरलेली, दुसरा हात मोकळा. ती भागोजीच्या ओट्यासमोरूनच गेली, पण तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. घागरीकडे तर नव्हतंच. ती आपल्या म्हाताऱ्याशी बोलत चालली होती. "हळू चला, घाई करू नका," म्हणत होती. "पुरणपोळी केलीये. या, घरी या."

म्हातारी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी भागोजी ओट्यावरून उठून तिकडेच बघत होता. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. चिमेने पदराने त्याचे डोळे पुसले आणि पागोटं वाकडं झालं होतं ते सरळ केलं.

मग दारू सुटली का, असं विचाराल. नाही सुटली. भागोजी रोज एकच पेला घेत राहिला. मुठीत मावेल एवढा, आणि एकदाच भरलेला. गावात दुसरा कुंभार कधी आला नाही.

आता यातून घरी काय न्यायचं, तर एवढंच तात्पर्य: कमी करायचं ठरवलंत तर माप स्वतःशी खरं ठेवा. जगाने तुमची पळवाट ओळखली नाही तरी तुमचे हात ती शिकतात, आणि पोट त्याच हातांवर भरायचं असतं.